दोलेअर दांपत्याचं ग्रीक पुराणकथांचं पुस्तक : वाचायला, दाखवायला आणि ऐकवायला

ग्रीक पुराणकथा लहान मुलांना सांगायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांतच घास अडकतो. क्रोनस आपल्या बापावर विळा चालवतो, मग स्वतःच्या पोटच्या पोरांना एकामागून एक गिळतो. त्याच्या तावडीतून वाचलेला झ्यूस मोठा होऊन राजा होतो आणि बायको घरात असताना बैलाचं, हंसाचं, सोन्याच्या पावसाचं रूप घेऊन पृथ्वीवरच्या मुलींकडे जातो. मुलांसाठी या कथा लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. काही लेखक ही पानं सरळ गाळतात, मग पुढच्या निम्म्या कथांना बुडखाच उरत नाही. काही जण सगळं साखरेत घोळवतात. इंग्री आणि एडगर पारिन दोलेअर या चित्रकार जोडप्यानं १९६२ मध्ये आणलेल्या पुस्तकात, ज्याचं इंग्रजी नाव ‘दोलेअर्स बुक ऑफ ग्रीक मिथ्स’, यांतलं काहीच केलेलं नाही. त्यांनी झाकायचं तेवढंच झाकलं आणि झाकण्याचा एकच नियम शेवटपर्यंत पाळला. सात ते अकरा या वयातल्या मुलासाठी ग्रीक कथांचं एकच इंग्रजी पुस्तक घ्यायचं असेल तर हे घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्यात दोन-तीन ठिकाणी वाचणाऱ्यानं सावध राहायला हवं, आणि एक मोठी पोकळी आहे जी दुसऱ्या पुस्तकानं भरावी लागते.

आधी वस्तूबद्दल. इंग्री मूळची नॉर्वेची, एडगरचा जन्म म्युनिकचा. दोघं अमेरिकेत स्थायिक झाले आणि अब्राहम लिंकनवरच्या त्यांच्या चित्रपुस्तकाला १९४० मध्ये कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा मोठा पुरस्कार, मिळालं. ग्रीक कथांचं हे पुस्तक चांगलं मोठ्या आकाराचं आहे, शाळेच्या चित्रकलेच्या वहीसारखं, आणि पानं जवळपास २००. चित्रं रंगीत आणि काळी-पांढरी अशी आलटून पालटून येतात. रंग पेन्सिलीनं भरल्यासारखे दाणेदार दिसतात, गुळगुळीत चकचकीत नाहीत. मुलं म्हणूनच त्या चित्रांवर बोट ठेवून रेषा गिरवतात. एवढं मोठं पुस्तक मुलाला झोपून एकट्यानं हातात धरता येत नाही. जमिनीवर सतरंजी टाकून मध्ये पुस्तक आणि दोन्ही बाजूंना मुलं, ही याची बैठक. फोनच्या पडद्यावर हे पुस्तक वाचायला घेऊ नये. दोन पानांवर पसरलेली चित्रं तिथे मधोमध तुटतात, आणि या पुस्तकाचं निम्मं सांगणं चित्रांत आहे.

त्यातलं एक चित्र तर पुस्तकाचा नकाशाच आहे. ऑलिम्पसवरचे बारा देव आपापल्या सिंहासनावर बसलेत, प्रत्येकाजवळ त्याची खूण : झ्यूसजवळ वीज, पोसायडनजवळ त्रिशूळ, असं. हेस्टियाला सिंहासन नाही. ती चुलीपाशी, अग्नी सांभाळत. हेडीस तिथे नाहीच, तो खाली पाताळात राहणं पसंत करतो. वाचायला सुरुवात करण्याआधी त्या पानाला कागदाची खूण घालून ठेवा. पुढे कुठल्याही कथेत देव आला की मूल स्वतःहून मागे जाऊन ‘हा तोच ना?’ म्हणून ताडून बघतं. नावं पाठ करून घेण्याची गरज उरत नाही. त्याच धर्तीवर झ्यूसच्या बायका आणि मुलं यांचा वंशवृक्षही चित्रातच काढलेला आहे.

पुस्तकाची बांधणीही तशीच घराण्याप्रमाणे आहे. पहिल्या भागात पृथ्वीमाता गेया, टायटन म्हणजे झ्यूसच्या आधीचे देव आणि मग झ्यूसचं कुटुंब, एकेका देवाला एकेक प्रकरण. दुसऱ्या भागात प्रोमिथियस, पँडोरा, पॅन, एको, ऑर्फियस अशी मधली मंडळी. तिसऱ्यात माणसं : पर्सियस, मायडास, सिसिफस, हेराक्लीस, थीसियस, इडिपस, सोनेरी लोकर आणणारे वीर. देवांची प्रकरणं एक ते चार पानांची, रात्री झोपण्याआधी बरोबर मावणारी. हेराक्लीस आणि सोनेरी लोकर ही दोन मात्र दहा-पंधरा पानांची आहेत. ती एका बैठकीत रेटायला गेलं की मूल शेवटाकडे हमखास पेंगतं. हेराक्लीसची बारा कामं चार-चारच्या तीन रात्रींत वाटून घ्यावीत.

आता सावधगिरीची पहिली जागा. ती पुस्तकाच्या अगदी पहिल्या वाक्यात आहे. माणसं अजून कुरूप मूर्ती पुजत होती त्या काळी ग्रीस देशात प्रकाशावर आणि सौंदर्यावर प्रेम करणारे धनगर राहत होते, अशी काहीशी ती सुरुवात आहे. ज्या घरात देवघर आहे आणि मूल रोज सकाळी तिथे हात जोडतं, तिथे हे वाक्य मोठ्यानं वाचलं तर मूल थबकतं, आणि थबकावंच. वाक्य चुकीचंही आहे, कारण ग्रीकांनी स्वतः मूर्ती घडवल्या, त्यांना वस्त्रं नेसवली, त्यांच्यासमोर बळी दिले. मोठ्यानं वाचताना ‘फार वर्षांपूर्वी ग्रीस नावाच्या डोंगराळ देशात धनगर राहत होते’ असं म्हणून सरळ पुढे जावं. दहा-अकरा वर्षांचं मूल असेल तर वाक्य वाचून थांबावं आणि त्यावर बोलावं. लिहिणाऱ्याच्या मनात काय बसलेलं असतं ते पुस्तकात कसं शिरतं, हे दाखवायला इतकं चांगलं उदाहरण पुन्हा मिळणार नाही.

क्रोनसच्या कथेत लेखकांनी काय केलंय ते पाहण्यासारखं आहे. ग्रीक कवी हेसिअडच्या इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराच्या काव्यात विळ्यानं बाप युरेनसचं लिंग कापलं जातं, ते समुद्रात पडतं आणि त्या फेसातून आफ्रोडायटी जन्मते. दोलेअरांकडे विळा आहे, घाव आहे, बापाची सत्ता जाते. कुठे घाव बसला ते सांगितलेलं नाही. आफ्रोडायटी समुद्राच्या फेसातून वर येते, तिला आई नाही आणि बाप नाही. म्हणजे दोन कथा वेगळ्या केल्या, पण खोटं काही घातलं नाही. पुढे सोळाव्या वर्षी त्या मुलानं मूळ कथा वाचली तर त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही, फक्त एक धागा जोडला जाईल. मुलांसाठी पुनर्कथन करणाऱ्यानं हीच कसोटी लावावी : गाळलेली जागा पुढे भरता आली पाहिजे, मोडून पुन्हा बांधावी लागता कामा नये.

पोरं गिळण्याचा भाग मात्र पूर्ण आहे, झ्यूसऐवजी गिळलेल्या दगडासकट. तो गाळू नये. लहान मुलं याला मोठ्या माणसांइतकी घाबरत नाहीत, कारण आत गेलेली पाचही भावंडं शेवटी धडधाकट बाहेर पडतात. वाचताना एवढं बघावं की गिळण्यापाशी थांबून दिवा घालवायचा नाही. ओकारी होऊन सगळे बाहेर येईपर्यंत वाचायचंच.

झ्यूसच्या प्रकरणांसाठी दोलेअरांनी सरसकट ‘लग्न’ हा शब्द वापरला आहे. तो वेश बदलून पृथ्वीवर येतो आणि मुलींशी लग्नं करतो, कारण त्याला खूप मुलं हवीत. या एका शब्दानं सगळी गुंतागुंत सुटते : झ्यूसची बायको हीरा हिचा राग समजतो, मुलांचे वंश समजतात, वंशवृक्ष काढता येतो. दशरथाच्या तीन राण्या ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना तर यात काहीच अडत नाही. पण मूळ कथांत यातल्या कित्येक मुलींना कोणी विचारलेलंच नाही. त्या पळत असतात, रडत असतात. ‘लग्न’ म्हटलं की ती पळापळ गमतीची होते. सात वर्षांच्या मुलासाठी हा शब्द चालेल. दहाच्या पुढच्या मुलीला वाचून दाखवताना मी ‘लग्न केलं’च्या जागी ‘पळवून नेलं’ म्हणेन, आणि तिनं ‘तिला जायचं होतं का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणेन.

असाच एक आक्षेप अरॅक्नीच्या गोष्टीवर. विणकाम करणारी ही मुलगी अथीना देवीशी स्पर्धा लावते. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात, म्हणजे इसवी सन ८ च्या सुमारास, तिच्या विणकामात अथीनालाच काय, मत्सरालाही खोट काढता येत नाही. तिनं देवांची कुकर्मं विणलेली असतात, आणि देवी चिडते ती त्यावर आणि तिच्या यशावर. दोलेअरांकडे ही सगळी चूक मुलीच्या पदरात पडते : ती गर्विष्ठ आहे, देवांची टर उडवते, म्हणून तिचा जाळं विणणारा कोळी होतो. कथा आटोपशीर झाली, पण तिच्यातला काटा काढला गेला. वाचून झाल्यावर ‘काम कुणाचं चांगलं होतं?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी तो काटा परत बसतो.

आता जिथे हे पुस्तक खरोखर उजळतं ती जागा. आयो आणि आर्गस. झ्यूसनं आयोला गाय करून लपवलं, हीरानं ती गाय मागून घेतली आणि राखणीला आर्गसला बसवलं. त्याला १०० डोळे, अंगभर. झोपतानाही निम्मे उघडे. गाय सोडवायची तर सगळे १०० मिटायला हवेत. हर्मीस गुराख्याच्या वेशात येतो, पावा वाजवतो, आणि मग एक गोष्ट सांगायला लागतो. ओव्हिडकडे ही गोष्ट पॅन आणि सिरिंक्स यांची असते. दोलेअर म्हणतात, त्या गोष्टीला ना शेंडा ना बुडखा, इतकी कंटाळवाणी की आर्गसचे एकेक करत सगळे डोळे मिटतात आणि तो कंटाळूनच मरतो. हीरा ते डोळे मोराच्या पिसाऱ्यावर लावते. हे मोठ्यानं वाचायची एक रीत आहे. गोष्ट सुरू झाली की आवाज एकसुरी करायचा, वेग निम्मा करायचा, ‘आणि मग… आणि मग…’ इतकं ताणायचं की मुलं खोटी खोटी पेंगू लागतील, आणि मग ‘शंभरावा डोळा मिटला’ हे टाळी वाजवल्यासारखं म्हणायचं. पुढचं पानही सोडू नये. गोमाशी मागे लागलेली गाय जी सामुद्रधुनी ओलांडते तिचं नाव बॉस्पोरस, म्हणजे गायीचा उतार. नकाशात इस्तंबूलपाशी बोट ठेवून दाखवता येतं.

इथे पुस्तकाच्या भाषेचा गुण लक्षात येतो. वाक्यं छोटी आहेत आणि प्रत्येक वाक्यात काहीतरी घडतं. त्यामुळे पान समोर ठेवून तोंडानं मराठीत सांगत जाणं जमतं. दोलेअरांचं पुस्तक इंग्रजी असूनही मराठी घरात चालतं ते यामुळे. तरी न वाचता थेट सांगायला बसू नये. प्रकरण आधी एकदा स्वतः वाचायचं, नावं एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहायची आणि तीच शेवटपर्यंत ठेवायची. आज ‘पर्सेफोन’ आणि उद्या ‘पर्सेफनी’ झालं की मुलाला दोन मुली वाटतात. ती पर्-से-फ-नी, चार तुकड्यांत. तसंच आयो, युरिडिसी, हर्मीस, आफ्रोडायटी. घोडमानव शिक्षक तो कायरन आणि मृतांना नावेतून नेणारा तो कॅरन. ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात, म्हणून दुसऱ्याला नेहमी ‘नावाडी कॅरन’ म्हणावं.

मराठीत सांगताना संबोधनं ठरवून घ्यावी लागतात. देवांना एकेरीच ठेवावं. विठोबा येतो, इंद्र चिडतो, तसा झ्यूस चिडतो. ‘झ्यूस म्हणाले’ केलं की तो हेडमास्तर होतो. हीरा झ्यूसला ‘अहो’ म्हणणार नाही. ती त्याची बहीणही आहे आणि तोडीस तोड भांडणारी आहे, तिला ‘तू’च शोभतं. हर्मीस आणि अपोलो सावत्र भाऊ. पाळण्यातल्या बाळानं गाई चोरून झाल्यावर अपोलोला ‘दादा, मी तर कालच जन्मलो’ म्हटलं की संपूर्ण प्रसंग मराठीत उभा राहतो. हे वाक्य प्राचीन आहे. होमरच्या नावावर असलेल्या हर्मीसस्तोत्रात तो खरोखर म्हणतो की मी काल जन्मलोय आणि माझे पाय अजून कोवळे आहेत.

शब्द निवडताना काही दारं सताड उघडी आहेत, काही बंद ठेवायची आहेत. देव खातात त्या ॲम्ब्रोशियाला बेधडक अमृत म्हणावं. दोन्ही शब्द एकाच मुळातले आहेत आणि दोन्हींचा अर्थ न मरणारं. झ्यूस आणि वेदातला द्यौस् हेही असंच भाषेनं सख्खं नातं. उलट हेडीसच्या राज्याला ‘नरक’ म्हणू नये. तिथे बरी-वाईट सगळीच माणसं जातात, शिक्षा भोगणारे मोजके. ‘पाताळ’ किंवा ‘मृतांचं राज्य’ ठीक. टायटनांना ‘राक्षस’ म्हटलं तर प्रोमिथियसपाशी पंचाईत होते, कारण माणसाला अग्नी देणारा तोही टायटनच. त्यांना टायटनच राहू द्यावं. आणि ग्रीक कथांचा जो गाभा आहे, माणसानं आपली पायरी विसरून देवांच्या बरोबरीला जाऊ बघणं, त्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे : माज. बेलेरोफॉन हा वीर पेगॅसस या पंखांच्या घोड्यावर बसून ऑलिम्पसवर निघतो तेव्हा ‘त्याला माज आला’ एवढ्यात सगळं येतं. गर्व, अहंकार हे शब्द तिथे फिके पडतात.

कॅलिडॉनच्या रानडुकराच्या शिकारीत तर मराठी आजीला काही समजवावंच लागणार नाही. अपोलोडोरसच्या नावावरच्या प्राचीन ग्रंथात या शिकारीचा नायक मेलिएगर सात दिवसांचा असताना नशिबाच्या तीन देवी घरात येतात आणि चुलीतलं लाकूड जळून जाईल तोवरच हा जगेल असं सांगतात. आई लाकूड विझवून पेटीत लपवते. सटवाई सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे या प्रसंगाला मुलं श्वास रोखून ऐकतात. आईनंच ते लाकूड पुन्हा आगीत टाकण्याचा शेवट फार कडक आहे. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना तो सांगू नये, शिकारीवर थांबावं.

क्रमाबद्दलही सांगायला हवं, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं तर सात वर्षांच्या मुलासमोर पहिल्या दोन रात्रींत गेया, युरेनस, एकडोळे सायक्लॉप्स, ५० डोकी नि १०० हातांचे राक्षसी भाऊ आणि टायटनांची अर्धा डझन नावं येऊन आदळतात. त्याऐवजी हर्मीसपासून सुरू करावं. तो सकाळी जन्मतो, दुपारी कासवाच्या पाठीची वीणा करून वाजवतो, संध्याकाळी भावाच्या ५० गाई उलट्या पावलांनी हाकत नेतो. बाळकृष्णाच्या खोड्यांवर वाढलेल्या मुलांना हा लगेच आपला वाटतो. मग सिंहासनांचं चित्र, मग पर्सेफनी, आयो, मायडास. दहा-बारा कथा झाल्यावर मूल स्वतः विचारतं, ‘झ्यूसच्या आधी कोण होतं?’ तेव्हा पहिलं पान उघडावं. इडिपस सगळ्यात शेवटी. दोलेअरांनी तो संयमानं सांगितला आहे, पण तरी तो दहाच्या पुढेच.

पर्सेफनीच्या कथेवरून दुसऱ्या पुस्तकाकडे वळता येतं. डिमीटरच्या या मुलीला हेडीस पळवून नेतो, आणि पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळे तिला दर वर्षी तिथे परतावं लागतं. पुनर्कथन म्हणजे काय हे ते दाणे मोजून कळतं. होमरच्या नावावरच्या डिमीटरस्तोत्रात एकच दाणा, आणि मुलगी वर्षाचा एक-तृतीयांश भाग पाताळात. ओव्हिडकडे सात दाणे आणि निम्मं वर्ष. अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न १८५३ च्या ‘टँगलवुड टेल्स’मध्ये सहा दाणे आणि सहा महिने करतो. हिशेब सरळ, मुलाच्या बोटांवर मावणारा. हॉथॉर्नची दोन पुस्तकं आहेत : १८५१ मधलं ‘अ वंडर-बुक फॉर गर्ल्स अँड बॉइज’ आणि हे. दोन्हींत सहा-सहा कथा. हात लावेल ते सोनं करणाऱ्या मायडास राजाची मुलगी मेरीगोल्ड ही त्यानंच पहिल्या पुस्तकात घडवली. ओव्हिडच्या मायडासला मुलगी नाही, तो फक्त भुकेनं हैराण होतो. आज जगभर मायडासची गोष्ट सांगताना सोन्याची झालेली मुलगी येते ती त्या पुस्तकातून. बापानं मुका घेताच मुलीच्या गालावरचे अश्रू तसेच पिवळे होऊन थिजतात, हे हॉथॉर्नचं चित्र मूळ कथेपेक्षा मुलाला जास्त भिडतं. मूळ सोडून भर घालावी तर अशी.

पण सगळीकडे त्याला हे साधलेलं नाही. पँडोराला त्यानं लहान मुलगी केलं आणि एपिमेथियसला तिचा सवंगडी. कथा निरागस झाली, वेगळीच झाली. जगातली दुःखं जिच्यातून बाहेर पडतात ती हेसिअडच्या पँडोराजवळची वस्तू रांजण आहे, पेटी नव्हे. पेटी सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाच्या लॅटिनमधून आली आणि हॉथॉर्ननं तिला कोरीव नक्षी देऊन कायमची केली. थीसियसच्या कथेत तर हॉथॉर्न, थीसियसला मदत करणाऱ्या राजकन्या ॲरियॅड्नीला बेटावर सोडून जाण्याचा प्रसंगच नाकारतो. त्याच्याकडे ती म्हाताऱ्या बापापाशी राहते. वर सांगितलेली कसोटी लावली तर इथे तो नापास होतो, कारण पुढे खरी कथा वाचणाऱ्या मुलाला हे मोडून पुन्हा बांधावं लागतं. शिवाय नावं रोमन आहेत : डिमीटरची सिरीस, पर्सेफनीची प्रॉसर्पिना. हर्मीसला तर क्विकसिल्व्हर, म्हणजे पारा, हे इंग्रजी नाव. दोलेअरांच्या पुस्तकाच्या शेवटी रोमन नावांची यादी आहे, ती दोन्ही पुस्तकं एकत्र वाचताना उपयोगी पडते.

हॉथॉर्नची भाषा मोठ्यानं वाचायला सुरेल आहे, वाक्यं मात्र लांब. समोर पान ठेवून मराठीत सांगायला गेलं तर तिसऱ्या पोटवाक्यात जीभ अडखळते. त्याच्याकडची ‘मिरॅक्युलस पिचर’ ही म्हातारा-म्हातारीच्या घरी अनोळखी पाहुणे येतात ती गोष्ट आधी वाचून घ्यावी, पुस्तक मिटावं आणि आपल्या शब्दांत सांगावी. दूध संपत आलेलं भांडं पुन्हा भरलेलं असतं, हा प्रसंग अतिथीला देव मानणाऱ्या घरात आपोआप उमलतो. पहिल्या पुस्तकात कथांच्या आधी-नंतर युस्टेस ब्राइट नावाचा विद्यार्थी आणि फुला-पानांच्या नावांची मुलं यांच्या गप्पा येतात. त्या सरळ वगळाव्यात. प्रत्येक कथा वाचायला पाऊण तास ते तास लागतो, म्हणून दोन भाग करावेत.

चार्ल्स किंग्जलीचं १८५६ चं ‘द हीरोज’ तीनच वीरांचं आहे : पर्सियस, आर्गो जहाजावरचे वीर, थीसियस. ग्रीक नावं, गंभीर लय, समुद्राची वर्णनं उत्तम. पण दर काही पानांनी लेखक थांबून धर्मोपदेश करतो. कथाभाग वाचावा, उपदेश सोडावा. रॉजर लॅन्सलिन ग्रीन यांचं १९५८ चं ‘टेल्स ऑफ द ग्रीक हीरोज’ दहा वर्षांच्या पुढच्या, स्वतः वाचणाऱ्या मुलासाठी. सगळ्या कथा एका काळातल्या एका सलग कहाणीत ओवल्या आहेत. चित्रांची भूक नसलेल्या मुलाला दोलेअरांनंतर हेच द्यावं.

ऐकण्याबद्दल. दोलेअरांच्या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण पॉल न्यूमन, सिडनी पॉइटिए, कॅथलीन टर्नर आणि मॅथ्यू ब्रॉडरिक यांच्या आवाजात आहे. चारही आवाज ठाशीव, शब्द सुटे. मराठी माध्यमातल्या मुलाला ते थेट लावून दिलं तर नावांच्या गर्दीत ते हरवतं. आधी आपण मराठीत गोष्ट सांगावी, दुसऱ्या दिवशी चित्र समोर उघडून तेच प्रकरण ऐकवावं. गोष्ट ठाऊक असली की कान इंग्रजीवर बसतो, आणि उच्चारांचा प्रश्नही तिथे सुटतो. हॉथॉर्न आणि किंग्जली यांचे हक्क संपलेले असल्यानं त्यांची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर आणि ध्वनिमुद्रित वाचनं लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लिब्रिव्हॉक्सचे वाचक स्वयंसेवक असतात, काही सुंदर वाचतात, काहींच्या खोलीचा घुमारा येतो. एकाच पुस्तकात कथेगणिक आवाज बदलू शकतो. लावून देण्याआधी पहिली पाच मिनिटं स्वतः ऐकावीत.

सुरुवातीला म्हटलेली पोकळी म्हणजे ट्रॉय आणि ओडिसियस. दोलेअरांकडे ट्रॉयचं युद्ध शेवटच्या काही पानांत आटोपतं आणि ओडिसियसचा घरचा प्रवास येतच नाही. एकडोळ्या पॉलिफीमसला ‘माझं नाव कुणीच नाही’ सांगणारा ओडिसियस या पुस्तकात भेटणार नाही. त्यासाठी ग्रीन यांचं ट्रॉयवरचं दुसरं पुस्तक लागेल. त्या प्रवासातली फक्त सर्सी ही जादूगारीण हवी असेल तर ती हॉथॉर्नकडे आहे.

दोलेअरांचं शेवटचं पान ताऱ्यांचं आहे. देवांचं राज्य संपलं, देवळं पडली, पण त्यांनी आकाशात ठेवलेली चित्रं अजून चमकतात, असं सांगणारं. ते घरात वाचू नये. नोव्हेंबर किंवा डिसेंबरातल्या अमावास्येच्या आसपास, रात्री आठच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर गच्चीवर किंवा गावी अंगणात वाचावं. उत्तरेला एम अक्षरासारखे पाच तारे, ती कॅसिओपिया. डोक्यावरचा मोठा चौकोन पेगॅसस, त्याच्या कोपऱ्यातून निघालेली ताऱ्यांची ओळ अँड्रोमेडा, ईशान्येला पर्सियस. आपल्याकडे त्यांची नावं शर्मिष्ठा, महाश्व, देवयानी आणि ययाती, आणि कॅसिओपियाचा नवरा राजा सिफियस म्हणजे वृषपर्वा. ग्रीकांनी एका राजघराण्याची गोष्ट जिथे मांडली, नेमक्या त्याच जागी मराठीत महाभारतातलं एक घराणं बसलं आहे. दोन्ही गोष्टी त्याच रात्री सांगाव्यात.

पर्सियसच्या हातातलं मेडुसाचं, म्हणजे नजरेनं माणसाचा दगड करणारीचं, मस्तकही शोधावं. तिथे अल्गोल नावाचा तारा आहे. तो दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी मंद होतो, तासाभरात नव्हे तर हळूहळू, आणि जवळपास १० तासांत पुन्हा पूर्वीसारखा होतो. लागोपाठ चार-पाच रात्री एकाच वेळी शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करायला मुलांना सांगावं आणि वहीत टिपून ठेवायला लावावं. एखाद्या रात्री मेडुसाचा डोळा मिटलेला सापडतो.